एआयच्या काळात मुलीने पत्रकारितेला जावं का? गोव्यातल्या मये गावच्या एका आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी बारावी झाली, पत्रकारितेचाच हट्ट धरून बसलीय आणि घरातले म्हणतात, ‘बातम्या आता एआय लिहिणार, तीन वर्षं कशाला घालवतेस?’ तुमच्या पत्रातली ही भीती अनाठायी नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या २०१४ पासून संगणकाकडून लिहून घेते. प्रेसनोटची बातमी करणं, इंग्रजी मजकूर मराठीत आणणं ही कामंही आता मिनिटांत उरकतात. नवखी मुलं डेस्कवर याच कामांतून तयार व्हायची. ती पायरीच मोडत चाललीय आणि मला खरी काळजी तिची वाटते.

तरी मी तिला अडवणार नाही. कारण एआयचं लिहिलेलं पडताळायला माणूस लागतोच. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या अमेरिकी दैनिकात उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली १० पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती! यादी एआयने रचलेली, छापण्याआधी कुणी पडताळली नाही आणि नाव गेलं पेपरचं.

आता आपल्याकडचं बघा. २०२४ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात ३९अ कलम आलं. त्याखाली जमिनीचे झोन, म्हणजे शेती, वस्ती असे वापराचे गट, बदलण्याच्या सूचना सर्व्हे नंबरासकट राजपत्रात येऊ लागल्या. त्यांचा तक्ता एआयकडून जरूर करून घ्यावा, वेळ वाचतो. पण त्या सर्व्हे नंबरात आज भातशेती आहे की डोंगरउतार, कूळ कोण, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण, एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर नाव कोणाचं आणि प्रत्यक्षात कसतो कोण, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. कागद इंग्रजीत, लोक भांडतात कोंकणीत, बातमी द्यायची मराठीत. या तिन्हींत वावरणारी मुलगी तुमच्या घरात आहे. आणि जमिनीच्या कागदाचं मोल, मालकीहक्कासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या मयेकरांना मी काय सांगावं!

पत्रकारितेची पदवी घेऊ दे, पण जोडीला जमीन कायदे, अर्थसंकल्प वाचणं, माहिती अधिकाराचा अर्ज करणं शिकू दे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही तिला आताच सांगा.

प्रवेशाआधी एक करा. पुढच्या ग्रामसभेला तिला वही घेऊन बसवा. घरी येऊन बातमी आधी तिने लिहावी, मग त्याच टिपणांवरून एआयकडून लिहून घ्यावी. दोन्ही मला पाठवा. कोणत्या अभ्यासक्रमाला घालायचं ते त्यावरून ठरवू.