अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांच्या रोजनिशींवरून तेव्हाच्या वैद्यकीय सेवेविषयी विश्वसनीय असे काही कळते का?

या रोजनिशींची बहुतेक पाने हवामान आणि जेवण यांनीच भरलेली असतात, तेव्हा जखमींवरील उपचार समजून घेण्यासाठी त्या वाचण्यात अर्थ आहे काय, असे आपण प्रश्नाच्या खुलाशात विचारले आहे. जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न मला माझ्याच घरी विचारला गेला होता, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या बाजूस पुढच्या एका ड्रेसिंग स्टेशनवर असताना विमा एजंटाने दिलेल्या खिशातल्या डायरीत मी रोज एखादी ओळ लिहीत असे. ठिकाणांची आणि पलटणींची नावे लिहिण्यास मनाई होती, ती मी पाळली. सुट्टीवर आलो तेव्हा आमच्या थोरल्या मेहुण्यांनी ती डायरी चाळली. ते इतिहासाचे शिक्षक. "पाऊस. भात कच्चा. ९", "ऊन. चहा नाही. भात कच्चा. १४" अशा नोंदी त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविल्या आणि म्हणाले, "दाजी, यात युद्ध कुठे आहे? ही तर खानावळीची वही झाली." मग हसत पुढे म्हणाले, "कंपाउंडरने आणखी काय लिहायचे!"

त्या वेळी मी काही बोललो नाही. वस्तुस्थिती अशी होती की, आमच्याकडे दोन प्रेशर कुकर होते आणि त्या उंचीवर कुकरशिवाय भात शिजत नाही. जखमी येऊ लागले की दोन्ही कुकर उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी घेतले जात आणि भात उघड्या पातेल्यात चढे. म्हणजे ज्या दिवशी भात कच्चा, त्या दिवशी कुकरात कात्र्या आणि चिमटे; पुढचा आकडा आलेल्या जखमींचा. माझ्या डायरीतील वैद्यकीय नोंद जेवणाच्या ओळीतच होती, आणि ती इतिहासाच्या शिक्षकाला वाचता आली नाही.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या रोजनिशीही अशाच वाचाव्या लागतात. मुलीकडे मेरीलँडमध्ये राहण्याचे योग आल्यामुळे त्यांतील काही मी सावकाश वाचल्या. उत्तरेकडील सैन्याचे सुमारे ३ लाख ६० हजार लोक दगावले, पैकी लढाईत किंवा जखमांमुळे मेलेले सुमारे १ लाख १० हजार. उरलेल्यांपैकी बहुतेकांना हगवण, विषमज्वर, हिवताप आणि न्यूमोनियाने नेले. तेव्हा खारवलेले डुकराचे मांस, दातांनी न तुटणारे हार्डटॅक बिस्किट आणि डबक्यातले पाणी यांची नोंद हे त्या युद्धाच्या मुख्य मारेकऱ्याचेच वर्णन आहे. शिपाई जुलाबाला गमतीने 'क्विकस्टेप', म्हणजे जलद चाल म्हणत. हे ठाऊक नसलेला वाचक ती कवायतीची नोंद समजून पान उलटतो. त्या काळी घट्ट, पांढरट पू येणे हे जखम बरी होत असल्याचे लक्षण मानले जाई, कारण ब्रिटिश सर्जन लिस्टरचे जंतुनाशक पद्धतीवरील लेख १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, प्रसिद्ध झाले. "पू चांगला येत आहे" असे कोणी लिहिले असेल, तर तो समाधानाने लिहीत आहे.

आता विश्वसनीयतेविषयी. लिहिणारा कोठे उभा होता, हे पहिल्यांदा पाहावे. त्या युद्धात शुद्धीत असलेल्या माणसाला चार जणांनी धरून हातपाय कापले, असे मेहुण्यांसह असंख्य लोक आजही सांगतात. हे बहुतांशी खोटे आहे. क्लोरोफॉर्म आणि ईथर ही भुलीची दोन्ही औषधे सर्रास वापरात होती. दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याचा हात मे १८६३ मध्ये कापला, तोही क्लोरोफॉर्म देऊनच. परंतु उजेडासाठी शस्त्रक्रिया पुष्कळदा उघड्यावर, एखाद्या दारावर किंवा टेबलावर होत, आणि पूर्ण गुंगी येण्यापूर्वी भुलीची एक अवस्था अशी असते की माणूस ओरडतो आणि हातपाय झाडतो. माझ्या उमेदीच्या काळात आमच्याकडे ईथर वापरात होते, त्यामुळे तशा माणसाला मी स्वतः धरून ठेवलेले आहे. शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातले काही आठवत नसे. वाटेने जाणाऱ्या शिपायाने आरडाओरडा ऐकला, टेबलाखालचा कापलेल्या हातापायांचा ढीग पाहिला आणि तसे लिहिले. त्याने पाहिले ते खरे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, मोठ्या सर्जनांच्या आठवणींपेक्षा हॉस्पिटल स्टुअर्ड या हुद्द्याच्या माणसांच्या रोजनिशी आधी वाचाव्यात. औषधे तयार करणे, साठा सांभाळणे, नोंदवह्या लिहिणे, सर्जनला हात देणे, ही त्यांची कामे. अर्थात, आमच्या मेहुण्यांच्या भाषेत कंपाउंडर. कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख, सर्जन जनरल हॅमंड याने १८६३ च्या मे महिन्यात पुरवठ्याच्या यादीतून काढून टाकले आणि त्यावरून डॉक्टरांत मोठे रण माजले, हे इतिहासात वाचायला मिळते. पण त्यानंतर छावणीतल्या पेटीत ते प्रत्यक्षात उरले होते की नाही, हे पेटीची किल्ली ज्याच्याकडे होती तोच सांगू शकेल.

जखमींच्या वाहतुकीसाठी मात्र साध्या शिपायाची रोजनिशीही पुरते. ऑगस्ट १८६२ अखेरच्या बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर जखमी कित्येक दिवस मैदानात पडून होते. त्याच महिन्याच्या आरंभी उत्तरेच्या 'पोटोमॅक सैन्या'चा वैद्यकीय संचालक जोनाथन लेटरमन याने रुग्णवाहिकांचे स्वतंत्र पथक उभारण्याचा हुकूम काढलेला होता, पण या लढाईपर्यंत ती व्यवस्था नीट लागू झालेली नव्हती. त्याआधी जखमींना उचलण्याचे काम बँडवाले आणि इतर कामास निरुपयोगी ठरलेले शिपाई करीत. १७ सप्टेंबरला अँटिएटमला एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, तरी उत्तरेच्या ताब्यातील भागातून जखमी साधारण एका दिवसात हलविले गेले. दोन्ही लढायांत असलेल्या एखाद्याची रोजनिशी मिळाली, तर त्या तीन आठवड्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

दोन गोष्टी आधीच सांगावयास हव्या होत्या. त्या युद्धात सैनिकांच्या लिखाणावर आमच्यासारखी बंधने फारशी नव्हती, त्यामुळे माझ्या डायरीवरून त्यांची परीक्षा करणे सर्वस्वी योग्य नाही. आकड्यांसाठी तर रोजनिशीवर मुळीच विसंबू नये. त्यासाठी अमेरिकन सरकारने १८७० ते १८८८ या काळात सहा खंडांत छापलेला युद्धाचा वैद्यकीय इतिहास पाहावा. आणखी एक म्हणजे, अनेकांनी युद्धानंतर रोजनिशी पुन्हा स्वच्छ उतरवून काढल्या, आणि उतरविताना मागाहून कळलेले त्यात घातले. त्या दिवशी लिहिणाऱ्याला कळणे शक्य नव्हते असे काही त्या तारखेखाली आढळले, तर सावध व्हावे. माझ्याही डायरीत काही आकड्यांपुढे पेन्सिलीने नावे लिहिलेली आहेत. ती मी निवृत्तीनंतर, आठवतील तशी लिहिली. मेहुण्यांच्या हे अजून लक्षात आलेले नाही.