दीडशे डॉलरचं सेशन आणि मधली दोन वर्षं

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्रात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत मेंटल हेल्थ काउन्सेलिंगमध्ये मास्टर्स करून थेरपिस्ट व्हायचंय. तिच्या बाबांनी कुठेतरी वाचलं, की तिथे एका सेशनचे दीडशे डॉलर मिळतात. आठवड्याला चाळीस सेशन्स धरली तर वर्षाचे तीन लाख डॉलर होतात, शैक्षणिक कर्ज दोन वर्षांत फिटेल, असं ते म्हणतात. मला काही हे पटत नाही. खरंच किती मिळतात?
– एक आई

उत्तर : नमस्कार. तुमची शंका रास्त आहे. दीडशेचा आकडा खोटा नाही. मोठ्या शहरांत स्वतःची प्रॅक्टिस असलेले लायसन्सधारक थेरपिस्ट तेवढे घेतात, काही जण जास्तही घेतात. गडबड गुणाकारात आहे.

आठवड्याला चाळीस सेशन्स कुणी घेत नाही. प्रत्येक सेशननंतर नोंदी लिहायच्या असतात, विमा कंपन्यांचे क्लेम भरायचे असतात. शिवाय रोज आठ-आठ तास दुसऱ्याचं दुःख नीट लक्ष देऊन ऐकणं माणसाला झेपत नाही. वीस ते पंचवीस सेशन्स म्हणजे भरपूर काम. आपण बावीस धरू. सुट्ट्या आणि आजारपण वगळून वर्षाचे ४६ आठवडे धरले, तर १,०१२ सेशन्स झाली. विमा कंपनी दीडशे देत नाही. सरासरी शंभर हाती पडले असं मानलं, तर १,०१,२०० डॉलर. त्यातून ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, व्यावसायिक विमा आणि स्वतःचा आरोग्य विमा जाणार. खर्च वजा जाता जो नफा राहील त्यावर साधारण १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, आणि प्राप्तिकर वेगळा. ऐनवेळी न येणारे क्लायंट मी यात धरलेच नाहीत. आता उरलेली वजाबाकी बाबांनाच करू द्या.

बहुतेकांची सुरुवात मात्र नोकरीतूनच होते. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या मे २०२४च्या आकडेवारीत मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती समुपदेशकांचं मध्यक वार्षिक वेतन ५९,१९० डॉलर आहे. म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी मिळतं. मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टसाठी हा आकडा ६३,७८० आहे, तर सायकॉलॉजिस्टसाठी ९४,३१०. हा शेवटचा आकडा पाहून पुष्कळ पालक हुरळतात, पण तिथे सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस करायला साधारणपणे डॉक्टरेट लागते. तुमची मुलगी म्हणते त्या मास्टर्सनंतर ती समुपदेशकांच्या गटात मोडेल.

खरी ग्यानबाची मेख यापुढे आहे, आणि तिचा उल्लेख जाहिरातींत सापडायचा नाही. मास्टर्सची पदवी म्हणजे लायसन्स नव्हे. लायसन्स प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं आणि त्याची नावंही वेगळी : न्यूयॉर्कमध्ये एलएमएचसी, टेक्ससमध्ये एलपीसी, कॅलिफोर्नियात एलपीसीसी. या तिन्ही राज्यांत ३,००० तास सुपरव्हिजनखाली काम करावं लागतं, शिवाय परीक्षा द्यावी लागते. या काळात मुलं 'असोसिएट' किंवा तत्सम नावाखाली काम करतात आणि पगार बेताचा असतो. काही ठिकाणी सुपरव्हायझरची फीसुद्धा स्वतःच्या खिशातून भरावी लागते.

अमेरिकन विद्यार्थी ही दोन-तीन वर्षं कशीबशी काढतो. परदेशी विद्यार्थ्याचं गणित इथेच अडतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकल्यानंतर तिथे काम करण्याची तात्पुरती परवानगी, म्हणजे ओपीटी, मिळते ती बारा महिन्यांची. संगणकशास्त्राच्या मुलांना वरचे २४ महिने मिळतात ते स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित विषयांच्या सरकारी यादीमुळे. मेंटल हेल्थ काउन्सेलिंग त्या यादीत नाही. आठवड्याला चाळीस तासांप्रमाणे पन्नास आठवडे काम केलं तरी २,००० तासच भरतात. उरलेल्या तासांसाठी कुणीतरी एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, प्रायोजित करायला हवा. नवख्या, लायसन्स नसलेल्या समुपदेशकासाठी एखादी छोटी संस्था तो खर्च आणि खटाटोप करेल का, हा माझ्या मते पगारापेक्षा मोठा प्रश्न आहे. एच-१बीचे मर्यादित व्हिसा लॉटरीने दिले जातात; विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था त्या लॉटरीतून वगळलेल्या असतात, म्हणून शोध तिथून सुरू करावा.

म्हणजे जाऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. या व्यवसायाला मागणी आहे. जानेवारी २०२४पासून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजनाही या समुपदेशकांच्या सेवेचे पैसे देऊ लागलं आहे. आधी ती सोय नव्हती. लायसन्स मिळून चार-पाच वर्षं झाली, एखाद्या विषयात हात बसला, की कमाई बरी होते. पण कर्जाचा हप्ता ५९ हजारांवर बेतू नका, असोसिएटच्या पगारावर बेता. आणि बारा महिन्यांनी परत यावं लागलं तर तो हप्ता इथल्या पगारातून झेपेल का, हेही मांडून बघा.

मुलीला एक काम सांगा. जी विद्यापीठं मनात आहेत त्यांच्या प्रोग्रॅम डायरेक्टरला तिने ईमेल करावं : कोर्स सीएसीआरईपी (समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणारी अमेरिकी संस्था) मान्यताप्राप्त आणि ६० क्रेडिट्सचा आहे का? गेल्या काही वर्षांतल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना लायसन्स मिळालं? त्यांना व्हिसासाठी कुणी प्रायोजित केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच येईल. उरलेल्या दोन प्रश्नांना "आमचं करिअर सेंटर मदत करतं" असं गोलमाल उत्तर आलं, तर ते विद्यापीठ यादीत खाली सरकवा.

तिला संशोधनाची थोडी जरी आवड असेल, तर क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजीच्या पीएचडीकडे जरूर पाहा. प्रवेश अतिशय अवघड, आणि पाच-सहा वर्षं जातात. मात्र चांगल्या प्रोग्रॅममध्ये ट्यूशन माफ होते, वर स्टायपेंड मिळतो, त्यामुळे कर्जाचा डोंगर उभा राहत नाही. साय-डीला, म्हणजे संशोधनापेक्षा प्रॅक्टिसवर भर देणाऱ्या डॉक्टरेटला, मात्र सहसा हे पाठबळ नसतं; नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत करू नका. पीएचडीचे बरेचसे अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीलाच बंद होतात आणि संशोधनाचा अनुभव नसेल तर अर्ज टिकत नाही. तेव्हा तिने या वर्षी एखाद्या प्राध्यापकांच्या प्रकल्पात काम मागावं, आणि मास्टर्सचे अर्ज त्यानंतर भरावेत.