नोकरी चांगली आहे, तरी बॅग भरून घरी निघून जावंसं वाटतं

"मॅडम, नोकरीत तसा काही प्रॉब्लेम नाहीये, पगार वेळेवर होतो, साहेबही बरे आहेत, पण संध्याकाळी रूमवर आलो की वाटतं बॅग भरावी आणि निघावं." थोड्याफार फरकाने हे वाक्य माझ्याकडे सारखं येतं. इथे ज्याच्याबद्दल लिहितेय तो पंचविशीच्या आतला, पहिलीच नोकरी, घर सोडून राहायचीही पहिलीच वेळ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) राजीनाम्याचा मेल टाइप करून ठेवलेला, फक्त सेंड करायचा बाकी. देऊ का नको, एवढंच मी सांगावं अशी त्याची अपेक्षा.

मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी त्रास नेमका कधी होतो ते फोनमध्ये लिहून ठेव. पुढच्या वेळी आला तेव्हा नोंदी बघून तोच गप्प झाला, कारण कामाच्या वेळेत जवळजवळ काहीच नव्हतं, जेवणाच्या सुट्टीत थोडं, बाकी सगळं संध्याकाळी आणि रविवारी. नोकरीच नको असती तर सकाळी ऑफिसला निघतानाच पोटात गोळा आला असता ना? घराची आठवण येते म्हणजे नोकरी चुकली असा अर्थ आपण पटकन लावतो, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच राजीनाम्यात शोधलं की गडबड होते.

मग निघाला व्हिडिओ कॉलचा विषय. रूमवर पाय ठेवल्यापासून झोपेपर्यंत फोन समोर उभा करून ठेवलेला, घरी कोण आलं, कोण काय म्हणालं सगळं बघत बसायचा, तिकडे आई रडायची, इकडे हा. अशा वेळी लोक सांगतात, फोन कमी कर, होईल सवय. मला हे पटत नाही. स्ट्रोब आणि शूट या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये जवळचं माणूस गेल्यावरच्या दुःखाबद्दल एक मांडणी केली, की माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, कधी नव्या आयुष्याच्या कामांकडे, आणि हे असं येणं-जाणं चालू राहणंच निरोगी असतं. घराच्या ओढीलाही ते बरोबर लागू पडतं, एकाच बाजूला अडकलं की त्रास.

म्हणून कॉल बंद नाही केला, वेळ बदलली. जेवण उरकल्यावर फोन, आणि आधी स्वतःच्या दिवसातलं काहीतरी एक सांगायचं, मग घरचं ऐकायचं. आता सांगायचं तर सांगण्यासारखं काहीतरी हवं ना, म्हणून तो दिवसभर शोधायला लागला! सुरुवातीला "आज लिफ्ट बंद होती" असलंच काहीतरी. मग एका सीनियरने रिपोर्ट पटकन करायची पद्धत शिकवली ते सांगितलं. आणि एक दिवस अगदी नवीन आलेल्या मुलीने याला विचारलं की रजेचा अर्ज कुठे भरायचा, आणि याला ते माहीत होतं! हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता. मी "तुझं करिअर घडेल" असं कितीही म्हटलं असतं तरी तेवढी उमेद आली नसती.

रविवार अजूनही जडच जातो त्याला. पुढच्या सुट्टीची तारीख ठरवून तिकीट काढून ठेवलंय, त्याने बराच फरक पडला, कारण आता "कधी जाईन" हा प्रश्न रोज छळत नाही. राजीनाम्याचं काय, तर ती सुट्टी होऊन गेल्यावर बोलायचं ठरलंय.

पण सगळ्यांचं असंच असेल असं नाही हं. पगार थकवतात, अपमान करतात अशी जागा असेल तर सोडायचा विचार करणं म्हणजे पळपुटेपणा नाही. आणि उदासपणा दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकला, झोप-भूक उडाली, काम जमेना झालं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणंच नको वाटायला लागलं तर दोन आठवडे कसले मोजताय, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.