ग्रीक मेजवानीला जाताना : वाचकांचे प्रश्न

ग्रीक स्नेह्यांनी ‘नामदिना’ला घरी बोलावलं आहे. भेट काय न्यावी? आणि पोट भरल्यावर आग्रह मोडायचा कसा?

आपलं नाव ज्या संतावरून पडलं, त्याचा स्मरणदिवस म्हणजे नामदिन. निकोलसचा ६ डिसेंबर, दिमित्रिसचा २६ ऑक्टोबर, मारियाचा १५ ऑगस्ट. या दिवशी खर्च ज्याचा सण त्याचा, अगदी हॉटेलात जेवलात तरी. तेव्हा बिल आलं की पाकिटाकडे हात नेऊ नका, यजमानाच्या ते मनाला लागतं. मिठाईचा खोका, फुलं किंवा वाइनची बाटली पुरेशी आहे. दारातच ‘ह्रोन्या पोला’ म्हणा, म्हणजे ‘उदंड वर्षं लाभोत’.

जेवण एकदम मांडत नाहीत. आधी मेझेदेस, म्हणजे मधोमध ठेवलेल्या, सगळ्यांनी मिळून खायच्या छोट्या बश्या येतात. पाव आणि जात्झिकीवरच (दही-काकडीच्या कोशिंबिरीवरच) पोट भरलं, तर ओव्हनमधला मुख्य पदार्थ येतो तेव्हा अवघड होतं. पहिल्यांदा थोडं घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा घेता येईल. यजमानाला खरं समाधान त्या दुसऱ्या वाढीने मिळतं.

नकार देताना पंजा उघडून समोर धरू नका. बोटं फाकवून तळवा दाखवणं याला तिथे ‘मुंद्झा’ म्हणतात आणि तो उघड अपमान आहे. हात छातीवर ठेवा आणि म्हणा, ‘एफ्हारिस्तो, होर्तासा’ : आभार, पोट भरलं. दुसरा घोळ ‘ने’ या शब्दाचा. तो कानाला नकारासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘हो’. ‘नाही’साठी ‘ओही’, किंवा नुसतीच मान वर उचलून ‘च्’. उठताना स्वयंपाक करणाऱ्याला ‘या स्ता हेर्या सास’ जरूर म्हणा : ‘तुमच्या हातांना आरोग्य लाभो’. स्वयंपाकाला याहून सुंदर दाद आम्हाला माहीत नाही.

मेळाव्यासाठी स्पानाकोपिटा (पापुद्र्यांत भाजलेला पालक-चीजचा पदार्थ) केला, तर तळ लगदा झाला आणि वरचे पापुद्रे वाकडे होऊन फुटले. काय चुकलं?

बहुतेक वेळा पालकातलं पाणी नडतं. ३० × ४० सेंमीच्या ट्रेसाठी (२४ तुकडे) १ किलो पालक, ४०० ग्रॅम फेटा (ग्रीक चीज), ३ अंडी, ५-६ पातीचे कांदे, शेपूची एक जुडी, १५० मिली ऑलिव्ह तेल आणि फिलोचं (मैद्याच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचं) साधारण ४५० ग्रॅमचं पाकीट घ्या.

पालक चिरून चमचाभर मीठ चोळा आणि अर्धा तास ठेवा. मग मुठीमुठीने पिळा. आता पुरे असं वाटलं की आणखी एकदा पिळा. फेटा खारट असतो, म्हणून सारणात वेगळं मीठ नको. तळाच्या पापुद्र्यांवर दोन चमचे रवा भुरभुरवा, म्हणजे उरलासुरला ओलावा तो शोषून घेतो.

गोठवलेलं फिलो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, नंतर बंद पाकिटातच तासभर बाहेर. घाईने बाहेरच वितळवलं तर पापुद्रे एकमेकांना चिकटतात. काम करताना उरलेल्यांवर ओलसर फडकं हवंच, कारण ते काही मिनिटांतच वाळून तडकतात. निम्मे खाली, निम्मे वर, आणि प्रत्येकाला तेलाचा हात. फाटलेले मध्ये खपतात, सगळ्यात वरचे दोन मात्र अख्खे हवेत.

भाजण्याआधी फक्त वरच्या थरांवर सुरीने चौकोन आखा. वाफेला वाट मिळते आणि नंतर कापताना चुरा होत नाही. शेवटी हाताने थोडं पाणी शिंपडा, पापुद्रे वळत नाहीत. ओव्हनच्या खालच्या कप्प्यात १८० अंशांवर ५० मिनिटं भाजा. तळ बदामी झाला का, हे कडेचा तुकडा उचलून पाहा.

आणि गरम ट्रेवर फॉइल लावून नेऊ नका. अनेकांचा पदार्थ ओव्हनमधून कुरकुरीत निघतो आणि वाटेत वाफेने मऊ पडतो. फडकं टाकून न्या.

चर्चच्या मेळाव्यात मांस, मासे आणि अंडी न खाणाऱ्याने काय मागावं?

‘निस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचा पदार्थ. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात आणि १ ते १४ ऑगस्टदरम्यान मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे गिगांतेस (टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे), फासोलाडा (घेवड्याचं सूप), फावा (पिवळ्या डाळीचा लगदा), ब्रियाम (ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या) असे पदार्थ भरपूर असतात. पण हा शब्द शाकाहाराची हमी नाही. कालवं, कोळंबी, ऑक्टोपस, स्क्विड या उपवासात चालतात, आणि गुलाबी तारामोसालाता तर माशांच्या अंड्यांची असते. द्राक्षाच्या पानांच्या दोल्मादाकियात कधी नुसता भात, कधी खिमा. ‘अव्गोलेमोनो’ हे नाव दिसलं की त्यात अंडं आहेच, बहुधा कोंबडीचा रस्साही. म्हणून दोन प्रश्न पाठ करून जा : ‘एही क्रेआस?’ (मांस आहे?) आणि ‘एही अव्गो?’ (अंडं आहे?). फेट्याबद्दलही विचारा, त्यात पारंपरिक पद्धतीने प्राणिज रेनेट (जनावराच्या जठरातलं, दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात.

उझो या ग्रीक मद्यात पाणी घातलं की तो पांढरा का होतो?

बडीशेपेच्या वासाचं अ‍ॅनेथॉल मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही. पाण्याने मद्यार्काचं प्रमाण घटलं की ते बारीक थेंबांच्या रूपात सुटतं. क्रम असा : उझो, मग पाणी, मग बर्फ. बर्फ थेट टाकला तर अ‍ॅनेथॉलचे स्फटिक तरंगतात. उपाशीपोटी घेऊ नका, बश्या त्यासाठीच सोबत येतात.

नाचात सामील व्हायला कुणी हात पुढे केला तर?

जा. रिंगण बहुधा उजवीकडे सरकतं आणि पहिला नर्तक पुढाकार घेतो. त्याच्या पुढे घुसू नका, शेपटाला जोडून घ्या आणि शेजाऱ्याची पावलं पाहा. झेइबेकिको वाजू लागला आणि एकटाच माणूस उठला, तर बाहेर थांबा. तो नाच त्याचा आहे. गुडघा टेकून टाळ्या द्या.