पुठ्ठ्यावर काय लिहायचं

प्रिय पोरी,

काल रात्री तू पुठ्ठ्याचा फोटो पाठवलास तो सकाळी चष्मा लावून नीट बघितला. अक्षर छान आलंय, हिरवा रंग पण कुठे पसरला नाहीये. "मावशी, शनिवारी लंडनच्या पॅलेस्टाईन मोर्चाला हाच घेऊन जाऊ ना?" असं विचारलंस आणि मी लगेच काहीतरी टाईप करणार होते, पण हे एका शब्दात आटपणारं नाही, शिवाय फोनवर तू दोनदा एक प्रश्न विचारलास तो मी दोन्ही वेळा टाळला, त्याचंही उत्तर द्यायचं बाकी आहे. म्हणून हे लांबलचक पत्र. सावकाश वाच.

पहिलं म्हणजे कोपऱ्यातला तो लाल उलटा त्रिकोण. तू बहुतेक पॅलेस्टाईनच्या झेंड्यातला म्हणून काढलायस, पण झेंड्यातला त्रिकोण काठीच्या बाजूने आडवा असतो. हा जो टोक खाली असलेला आहे तो २०२३ च्या ऑक्टोबरनंतर हमासच्या लष्करी शाखेच्या, म्हणजे कस्साम ब्रिगेडच्या, व्हिडिओंमधून पसरला, रणगाडा किंवा सैनिक दिसायचा, त्याच्या डोक्यावर हा त्रिकोण यायचा आणि मग स्फोट. म्हणजे ती खूण "पॅलेस्टाईन" असं म्हणत नाही गं, ती "हा आता मरणार" असं म्हणते. तुझ्या मनात ते नव्हतं हे मला माहितीये. पण पुठ्ठा मन दाखवत नाही, जे काढलंय तेच दाखवतो.

आता तुझा खरा प्रश्न. "त्यांनी हत्यार उचलणं चूक आहे का, आणि चूक नसेल तर मी ते मोठ्याने का म्हणू नये?"

माझं उत्तर असं आहे की ज्यांची जमीन दुसऱ्याच्या लष्कराच्या ताब्यात आहे त्यांना लढायचा हक्क आहे, हत्यार घेऊनसुद्धा. मी साताऱ्याकडची, पत्रीसरकारच्या गोष्टी ऐकत मोठी झाले, "बंदूक हातात आली की तो अतिरेकी" हे मला कधीच पटलं नाही. आणि हे फक्त माझं मत नाही, १९८२ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३७/४३ नंबरचा ठराव केला त्यात परक्या सत्तेखालच्या लोकांचा लढा, सशस्त्र लढासुद्धा, वैध मानला आणि पॅलेस्टिनी लोकांचं नाव त्यात स्पष्ट आहे. खुद्द गांधींनी १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की अरबांनी अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरं झालं असतं, पण समोर एवढी प्रचंड ताकद असताना त्यांनी जो प्रतिकार केला त्याला रूढ न्यायाच्या कसोटीवर नाव ठेवता येणार नाही. अहिंसेसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे लक्षात ठेव.

इथे तुला हमखास कोणीतरी विचारेल की त्यांनी शांततेने का नाही केलं. तेव्हा चिडू नकोस, माहिती दे. १९३६ मध्ये त्यांनी सहा महिने संप केला, दुकानं, बंदर, वाहतूक सगळं बंद, तेव्हा राज्य याच ब्रिटनचं होतं आणि पुढच्या तीन वर्षांत इथल्याच सैन्याने तो उठाव चिरडला. बेथलेहेमजवळ बैत साहूर म्हणून गाव आहे, पहिल्या इंतिफादात, म्हणजे ताब्याविरुद्धच्या उठावात, तिथल्या लोकांनी इस्रायली दूध नको म्हणून अठरा गाई विकत आणल्या, तर लष्कराने त्या गाई सुरक्षेला धोका ठरवल्या आणि त्यांना शोधायला जवान फिरले, आणि १९८९ मध्ये त्याच गावाने कर भरायला नकार दिला तेव्हा बेचाळीस दिवस गावाला वेढा पडला, घरातले फ्रिज आणि फर्निचर उचलून नेलं. मग २०१८ चा ३० मार्च, गाझाच्या कुंपणाकडे दर शुक्रवारी मोर्चे निघायला लागले, त्यात पुढच्या दीडेक वर्षात दोनशेच्या वर माणसं गोळ्यांनी मेली आणि हजारो जखमी झाली, कितीतरी पोरांचे पाय कापावे लागले. पांढरा कोट घालून जखमींना उचलणारी जेमतेम विशीतली पॅरामेडिक रझान अल-नज्जार त्यातच गेली. माझ्या मते हे सगळं माहीत नसलेल्या माणसाला त्यांना अहिंसा शिकवायचा अधिकार नाही.

पण हक्क आहे म्हणजे काहीही करायला मोकळीक आहे असं नाही, आणि इथेच मला तुझ्याशी भांडायचंय. ज्या कायद्यावरून आपण ताबा बेकायदेशीर म्हणतो, त्याच कायद्यात सैनिक आणि साधा माणूस यांच्यात रेघ मारलेली आहे, ओलीस धरायला मनाई आहे. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये साधारण बाराशे माणसं मारली गेली, बहुतेक नागरिक, नोव्हाच्या संगीत फेस्टिवलला नाचायला आलेली तुझ्या वयाची मुलं, किबुत्झ म्हणतात त्या सामुदायिक वस्त्यांमधली कुटुंबं. बेरी नावाच्या किबुत्झमध्ये व्हिव्हियन सिल्व्हर मेल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ज्या गाझाच्या पेशंटना स्वतःच्या गाडीतून इस्रायली हॉस्पिटलात नेत असत. याला प्रतिकार म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आणि त्यानंतर गाझावर जे झालं, दहा-दहा हजारांनी माणसं, शाळा, दवाखाने, पाण्याच्या लाईनी, उपासमार, ते सांगतानाही मी आवाज बारीक करणार नाही. "पण त्यांनी आधी" किंवा "पण यांनी जास्त" असं म्हणत एका मेलेल्या मुलाला दुसऱ्याच्या वजाबाकीत घालायचं नाही, एवढंच मी पाळते.

तू म्हणशील मावशी आता म्हातारी झाली म्हणून जपून बोलतेय. नाही गं. मी एकदा गप्प बसले होते त्याचं सांगते. २००२ चा मार्च, इस्रायलमधल्या नेतान्याच्या एका हॉटेलात पासोव्हर या ज्यू सणाच्या जेवणाला बसलेल्या लोकांत स्फोट झाला, तीस माणसं गेली, त्यातली बरीच माझ्या आईच्या वयाची. त्या आठवड्यात आमची मीटिंग होती आणि एकाने उठून "शेवटी त्यांना पण कळलं" असं म्हटलं, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसून राहिले, वाद नको म्हणून. आमच्यात एक ज्यू बाई होती, दहा वर्षं आमच्याबरोबर पावसात उभी राहून पत्रकं वाटलेली, ती पर्स उचलून गेली ती परत आली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पंचावन्न पॅलेस्टिनी विचारवंतांनी, सारी नुसैबेह, हनान अश्रावी असे लोक, तिकडच्याच पेपरात जाहीर पत्र छापून हे आत्मघाती हल्ले थांबवा म्हणून सांगितलं. म्हणजे जे प्रत्यक्ष ताब्याखाली राहत होते त्यांच्यात तेवढी हिंमत होती आणि मी लंडनमध्ये गरम खोलीत बसून बोलू शकले नाही. हे मला अजून टोचतं.

म्हणून पहिली गोष्ट ही धर की त्यांच्या हत्याराची किंमत आपण मोजत नाही. बॉम्ब आपल्या छपरावर पडत नाही. ती लढाई कशी करायची यावर त्यांच्यातच पन्नास वर्षं वाद चाललेत, विमानं पळवणाऱ्यांपासून ते १९७४ मध्ये युनोत बंदूक आणि ऑलिव्हची फांदी अशा दोन्हींची भाषा करणाऱ्या अराफतपर्यंत, ओस्लोच्या शांतता करारापर्यंत, आजपर्यंत. इकडून टाळ्या वाजवायला आपण प्रेक्षक नाही. आपलं काम वेगळं आहे आणि ते जास्त कंटाळवाणं आहे.

आपलं काम इथल्या सत्तेवर आहे. १९१७ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं पत्र लिहिलं ते याच शहरातून, आणि पॅलेस्टाईनला मान्यता द्यायला यांना २०२५ चा सप्टेंबर उजाडला, आपल्या भारताने १९८८ मध्येच दिली होती. इस्रायल वापरतो त्या एफ-३५ लढाऊ विमानाचा साधारण पंधरा टक्के भाग ब्रिटनमध्ये बनतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने इस्रायलला हत्यारं विकायच्या साडेतीनशे लायसन्सपैकी तीसेक थांबवली आणि या विमानाचे सुटे भाग मात्र बाजूला ठेवले. हे तुझ्या खासदाराला विचार, भेटीची वेळ घेऊन, कागद घेऊन. तुझ्या युनिव्हर्सिटीचा पैसा कुठल्या कंपन्यांत आहे ते माहितीच्या अधिकाराखाली मागव, इथेही तसा कायदा आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने जून २०२५ मध्ये इस्रायली कंपन्यांतून पैसा काढून घ्यायचं ठरवलं, ते मुलांनी तंबू ठोकले, मग कमिटी बसली, मग रिपोर्ट आला, असं वर्षभर रेटून झालं. मी १९८३ ला इथे आले तेव्हा आम्ही दक्षिण आफ्रिकेसाठी बार्कलेज बँकेच्या दारात उभं राहायचो, विद्यार्थ्यांना म्हणायचो इथे खातं उघडू नका. लोक आधीची कितीतरी वर्षं उभे होते. १९८६ ला बँक तिथून बाहेर पडली. थंडीने बोटं सुजायची एवढंच मला त्या कामाचं आठवतं, थ्रिल काही नव्हतं.

कायद्याचं पण सांगायलाच हवं, तू स्टुडंट व्हिसावर आहेस. हमासची लष्करी शाखा इथे २००१ पासून बंदीत होती, २०२१ च्या नोव्हेंबरपासून अख्खी संघटना. बंदीतल्या संघटनेसाठी लोकांकडे पाठिंबा मागितला तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याला त्यातून उत्तेजन मिळेल याची पर्वा न करता नुसतं अनुकूल मत मांडलं तरी तो गुन्हा होतो. अंगावर किंवा हातात तशी खूण असली तरी सहा महिने. ऑक्टोबर २०२३ च्या मोर्चात तीन बायकांनी, ७ ऑक्टोबरला हमासचे लोक ज्यांतून उतरले त्या पॅराग्लायडरची चित्रं लावली होती, त्या फेब्रुवारी २०२४ ला कोर्टात दोषी ठरल्या. तुरुंग टळला, पण कपाळावर टेररिझम ॲक्ट लागला तो लागलाच. मग जुलै २०२५ मध्ये पॅलेस्टाईन ॲक्शन या गटावर बंदी आली आणि ९ ऑगस्टला पार्लमेंटसमोर त्या गटाच्या बाजूचा पुठ्ठा हातात धरून नुसते बसलेल्या पाचशेच्या वर लोकांना उचललं, त्यातले निम्मे साठीच्या वरचे. मला ती बंदी अन्यायाची वाटते आणि तिला कोर्टात आव्हानही दिलं गेलंय, पण त्या लोकांनी अटक ठरवून ओढवून घेतली होती, समजून-उमजून. तू न समजता त्रिकोण काढून पकडली जाऊ नयेस एवढंच माझं म्हणणं.

बॉस्टनच्या तुझ्या मैत्रिणीलाही हे वाचायला दे. तिथे टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थिनीला, रुमेयसा ओझतुर्कला, मार्च २०२५ मध्ये रस्त्यात मास्क लावलेल्या माणसांनी धरलं, विद्यार्थ्यांच्या पेपरात चौघांनी मिळून लिहिलेला एक लेख एवढंच निमित्त, आणि सहा आठवडे लुईझियानाच्या डिटेन्शन सेंटरला ठेवलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या आपल्या भारतातल्या रंजनी श्रीनिवासनचा व्हिसा काढून घेतला, तिला कॅनडाला निघून जावं लागलं. म्हणजे सावध राहूनही कधी कधी किंमत पडते. म्हणून जे बोलायचं ते असं बोल की त्यासाठी किंमत पडली तर तुला ते शब्द मागे घ्यावेसे वाटणार नाहीत.

अजून एक आणि थांबते. "त्या ज्यूंना परत पाठवा" असं तुमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं म्हणालीस. अगं, इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद इथे आपले कोकणातले बेने इस्रायली ज्यू राहतात, अलिबाग-रेवदंड्याकडून गेलेले शनवार तेली, घरात अजून मराठी बोलतात. १९५०-६० च्या दशकात तिथे त्यांनाही हलकं समजलं, धर्मगुरू त्यांची लग्नं मान्य करेनात म्हणून त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं. आणि तेच लोद म्हणजे अरबांचं लिद्दा, जिथून जुलै १९४८ मध्ये हजारो माणसांना उन्हातून पायी हाकललं, कितीतरी वाटेत तहानेने गेली. एकच गाव आहे, तिथे आपल्या भाषेत कोणाची तरी आजी झोपाळ्यावर बसलेली असेल, आणि कुठल्या तरी कॅम्पात दुसऱ्या कोणाच्या आजीने त्याच गावातल्या घराची किल्ली जपून ठेवलेली असेल. दोघींना नजरेसमोर ठेव आणि मग पुठ्ठ्यावर काय लिहायचं ते ठरव. मला विचारशील तर "ताबा संपवा, हत्यारं विकणं थांबवा" एवढं पुरे, खाली किल्लीचं चित्र काढ.

त्रिकोणावर रंग मारू नकोस, खालून दिसतो. नवीन पुठ्ठा घे, माझ्या गॅरेजात फ्रिजचा मोठा खोका पडलाय. शनिवारी दहापर्यंत ये, पोहे करते, बरोबर जाऊ. आणि वकिलाचा नंबर हातावर बॉलपेनने लिहून घे, मोबाईल त्या वेळी आपल्या हातात राहत नाही.

तुझी,
मावशी