घरकाम करता करता अंगणातले पक्षी आवाजावरून कसे ओळखावेत?

पुण्यात घरामागे छोटं अंगण आहे, शेवगा, कढीपत्ता आणि जास्वंद आहे, फाल्गुन लागला की सकाळी पक्ष्यांचा गलका सुरू होतो. पण हात कामात, बघायला वेळ नाही आणि निम्मे आवाज नळाखाली बुडतात, असं तुम्ही लिहिलंय. बघायची फारशी गरज नाही. आधी कामांचा क्रम बदला.

मार्चअखेरीस पुण्यात साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि दयाळ हा काळा-पांढरा गाणारा पक्षी त्याच्या बराच आधी, अंधारातच सुरू होतो. साडेसातनंतर रहदारी आणि पाण्याचे पंप सगळं झाकून टाकतात. तेव्हा मिक्सर आणि वॉशिंग मशीन साडेसातनंतर लावा. भाजी निवडणं, कणीक मळणं, झाडांना पाणी घालणं, कपडे वाळत टाकणं ही बिनआवाजाची कामं त्याआधी उरका. भांडी नळ सोडून घासू नका. पातेल्यात पाणी घेऊन सगळी घासून ठेवा आणि शेवटी एकदम विसळा. स्टीलच्या सिंकवर धार पडते तेव्हा शिंपी (पानं शिवून घरटं करणारा) आणि शिंजीर (फुलांतला मध पिणारा) या चिमुकल्या पक्ष्यांचे बारीक, उंच पट्टीतले आवाज सगळ्यात आधी जातात. कोकीळ आणि भारद्वाज मात्र त्यातूनही ऐकू येतात. सिंकच्या तळाशी रबरी जाळी टाकली तरी बराच फरक पडतो.

ओळखताना चालीच्या मागे लागू नका, लय धरा. एकाच पट्टीत, न थांबता, मिनिटाला शंभराच्या आसपास ‘टुक टुक टुक’ चालू असेल तर तो तांबट. आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो, कारण तो एका जागी बसून मान फिरवत ओरडतो. त्या वेळी चोच मिटलेली असते, नुसता गळा फुगतो. भर दुपारी बाकी सगळे गप्प झाले तरी हा चालूच.

कोकिळेचं ‘कुहू’ दर खेपेला एक पायरी वर चढतं, टोकाला पोचून एकदम तुटतं आणि पुन्हा खालून सुरू होतं. हा नर. मादीचं ओरडणं म्हणजे घाईघाईचं ‘किक्-किक्-किक्’. तिला बरेच जण दुसराच पक्षी समजतात. कावळ्याच्या घरट्याजवळ हा आवाज वारंवार आला तर काय चाललंय हे सांगायला नकोच.

खरा गोंधळ शिंपी आणि शिंजीर यांचा होतो. शिंपी एकच शब्द एकाच जोराने घोकतो, ‘टुविट-टुविट-टुविट’, आणि तोही खालच्या झुडपातून. अंगठ्याएवढ्या पक्ष्याचा हा आवाज आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. शिंजीर ‘चिविट-चिविट’ करून पुढे भरभर किलबिलतो, तेही शेंड्यावरून किंवा तारेवरून. शेवग्याला फुलं असतील तर हाच असण्याची शक्यता जास्त. दयाळाचं प्रत्येक वाक्य वेगळं असतं: शीळ, थांबा, दुसरी शीळ. मधेच तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे आवाजावरून पक्षी ओळखणारं मोबाईलमधलं ॲपही फसतं.

ॲप हवं असेल तर ‘मर्लिन’ मोफत आहे. भारतातल्या पक्ष्यांचा संच आधी उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतं. फोन ओट्यावर न ठेवता खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवा, नाहीतर त्याला फक्त भांडी ऐकू येतील. त्याने दिलेलं नाव लगेच खरं मानू नका. तोच आवाज दोन-तीन सकाळी आला आणि तेच नाव आलं तर माना. पक्षी जवळ यावा म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज मात्र वाजवू नका. विणीच्या काळात नर त्याला घुसखोर समजतो आणि दिवसभर हद्द राखण्यात दमतो.

पाण्यासाठी पसरट मातीचं परळ घ्या. पाणी दोन इंचांहून खोल नको, मधे एक खडबडीत दगड ठेवा. झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरते, म्हणून पाच-सहा फूट मोकळी जागा सोडा. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा, साबण नको. डासांची अंडी कडांना चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. भात-पोळी टाकायची सवय लावू नका. त्याने कबुतरं जमतात आणि गाणारे पक्षी मागे सरतात.

वाळवणावर नायलॉनची जाळी घालू नका, चिमण्यांचे पाय त्यात अडकतात. जुनी सुती साडी पसरून कडेला दगड ठेवले की पापड-कुरडया सुरक्षित. घराबाहेरची कोळिष्टकंही सरसकट काढू नका. शिंजीर घरटं बांधायला तीच नेतो.

मार्च ते जुलै जास्वंद छाटायची असेल तर आधी आतल्या फांद्या नीट बघा. बुलबुलाचं वाटीसारखं घरटं छातीच्या उंचीवरही असतं. अंडी दिसली तर छाटणी साधारण चार आठवडे पुढे ढकला. पाणी बुंध्याशी घाला, पाइपचा फवारा वरून मारू नका.

खिडकीच्या काचेवर शिंजीर किंवा दयाळ सारखा चोच मारत असेल तर तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतोय. आतून पडदा लावून उपयोग नाही, उलट प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं. काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा आणि तो नाद सोडेपर्यंत राहू द्या.