सात रस्त्याला गाड्या मोजणारा पोरगा

सोलापुरातल्या मजरेवाडीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला, इंटेलिजंट ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे ट्रॅफिक बघून सिग्नल आपोआप चालवायच्या वगैरे तंत्रात, रिसर्च करायचं म्हणतो, पण ते तर कॉम्प्युटरवाल्यांचं काम, मग सिव्हिल सोडवून पहिल्यापासनं कॉम्प्युटरला घालू का, दोन गुंठे विकायची तयारी आहे.

मालक, ते दोन गुंठे आधी राहू द्या. मला ब्रँचची काळजी नाही, तुमच्या पत्राची आहे. अख्ख्या पत्रात 'आम्ही ठरवलंय', 'आमचं मत पडलं', आणि पोराबद्दल सगळं मिळून एक वाक्य, तेही तक्रार, की संध्याकाळी वही घेऊन सात रस्त्याला गाड्या मोजत उभा असतो, टाइमपास. अहो टाइमपास कसला, ट्रॅफिक सर्व्हे असाच सुरू होतो, दर पंधरा मिनिटाला टू-व्हीलर किती, रिक्षा किती, बस किती लिहायचं आणि मग पीसीयू काढायचं, म्हणजे एक बस रस्त्यावर किती कारएवढी पडते ते. कुणी न सांगता पोरगा हे करतोय आणि तुम्ही पाहुण्यांसमोर त्याला 'हवालदार' म्हणता! नाही पटलं मला.

इंटेलिजंट म्हटलं की कॉम्प्युटर, हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. कोड लागतोच, पण कशाचा कोड लिहायचा ते रस्ता कळणाऱ्यालाच कळतं. ब्रिटनची स्कूट, सिडनीची स्कॅट्स, ह्या ट्रॅफिक बघून सिग्नलची वेळ बदलणाऱ्या सिस्टीम, गाड्या आपापल्या लेनमध्ये एकामागं एक येतात असं धरून बनल्या, रस्त्यात पुरलेल्या वायरवरनं गाडी गेली की मोजली. आपल्याकडं लाल पडला की मोटारसायकली रिक्षाच्या बगलेतनं पुढं घुसून झेब्रावर उभ्या, कसली लेन अन् कसलं काय. म्हणून तर तिरुअनंतपुरमच्या सीडॅकनं, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेनं, आपल्या ट्रॅफिकसाठी वेगळी सिस्टीम काढली. आणि मुंबई, मद्रास आयआयटीत हा रिसर्च चालतो तो सिव्हिल डिपार्टमेंटमध्येच. विनाड्रायव्हर गाड्याच बनवायच्या असतील तर गोष्ट वेगळी, हैदराबाद आयआयटीत त्यासाठी तिहान नावाचं केंद्र आहे, तिथं बाकीच्या ब्रँचेसही लागतात.

रस्ता साधा आहे, गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा सिव्हिलमधनंच, मग एमटेक, मग पीएचडी. 'पाहुण्यांना पगार काय सांगू' विचारलंय, तर आयआयटीत पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० फेलोशिप मिळते, तेवढं सांगा.

तोवर घरबसल्या पायथन ही कोड लिहायची भाषा शिकू दे. सुमो नावाचं ट्रॅफिक सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सात रस्ता उभा करून बघू दे.

आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, वहीच्या एका पानाचा फोटो टाकून. तुम्ही आधी वाचायला मागू नका.